स्पीडमास्टर घ्यायचं ठरलंय, पण जुनं की नवं?

ओमेगा या स्विस कंपनीचं स्पीडमास्टर प्रोफेशनल, म्हणजे चंद्रावर गेलेलं ‘मूनवॉच’, लांबून पाहिलं तर पन्नास वर्षांत बदललेलंच नाही असं वाटतं. काळी तबकडी, तिच्यात तीन छोटी वर्तुळं, ४२ मिलिमीटरची पोलादी केस (म्हणजे घड्याळाचं कवच), काचेभोवती काळी कडी म्हणजे बेझल आणि तिच्यावर टॅकिमीटरचे, म्हणजे वेग मोजायचे आकडे. १९७० चं आणि २०२१ चं शेजारी ठेवलं तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. घोळ इथेच होतो. बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसणारी ही घड्याळं आत चार वेगवेगळ्या मशिनांवर चालतात, आणि घड्याळ घरी आणल्यानंतरचं सुख किंवा डोकेदुखी मशीनच ठरवतं. तबकडीचा रंग, काच, पट्टा हे नंतर. आधी मशीन निवडा.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न: हे घड्याळ बिघडलं की उघडणार कोण? तुमच्या माहितीत जुन्या क्रोनोग्राफवर, म्हणजे थांबघड्याळाची सोय असलेल्या घड्याळावर, हात बसलेला घड्याळजी असेल, तर जुन्याकडे मोकळ्या मनाने बघा. नसेल आणि दरवेळी कंपनीच्या सेवा केंद्रातच जायचं असेल, तर हिशोब वेगळा होतो.

चार मशिनं

पहिलं ३२१. लेमानिया या स्विस कारखान्याने १९४० च्या दशकात बनवलेलं, २७ मिलिमीटर व्यासाचं. १९५७ मध्ये आलेल्या पहिल्या स्पीडमास्टरपासून, म्हणजे सीके २९१५ पासून, १९६८ पर्यंतच्या घड्याळांत हेच होतं. ताशी १८,००० ठोके. बटण दाबल्यावर क्रोनोग्राफ चालू-बंद करण्याचं काम यात ‘कॉलम व्हील’ करतं. किल्ल्याच्या बुरुजांसारखे खांब असलेलं हे छोटं चाक प्रत्येक दाबाला एक घर सरकतं. नासाने १ मार्च १९६५ रोजी ज्या घड्याळाला अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवलं आणि जे अपोलो ११ बरोबर गेलं, ते ३२१ वालंच.

दुसरं ८६१. १९६८ मध्ये १४५.०२२ या मॉडेलात आलं. ठोके ताशी २१,६०० झाले आणि कॉलम व्हील जाऊन त्याच्या जागी तेच काम करणारी साधी चपटी कॅम आली. संग्राहक या बदलावर नाक मुरडतात, पण कॅम बनवायला सोपी, जुळवायला सोपी आणि झिजते कमी. बटणाचा दाब थोडा जड आणि ‘टक्’ असा लागतो, इतकाच काय तो फरक हाताला जाणवतो.

तिसरं १८६१. हे ८६१ चंच सुधारलेलं रूप. १९९७ च्या आसपास आलं, ऱ्होडियमचा मुलामा आणि १७ ऐवजी १८ खडे (घर्षण कमी करणारी माणकं) घेऊन. २०२० पर्यंतच्या बहुतेक मूनवॉचमध्ये हेच आहे. मागच्या काचेतून मशीन दिसणाऱ्या घड्याळांत याचीच नटवलेली आवृत्ती, १८६३, बसवलेली असते. जातकुळी तीच.

चौथं ३८६१. जानेवारी २०२१ पासून नेहमीच्या मूनवॉचमध्ये हेच येतं. मांडणी जुनीच, म्हणजे हाताने चावी द्यायची, कॅमवर चालणारा क्रोनोग्राफ आणि २१,६०० ठोके. हृदय मात्र बदललंय. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराने शोधलेली, कमी घर्षणात ठोके नियंत्रित करणारी को-अ‍ॅक्शियल पद्धत, सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (ठोक्यांचा वेग ठरवणारी बारीक स्प्रिंग), २६ खडे, एकदा चावी दिली की ५० तासांचा साठा. स्वित्झर्लंडच्या सरकारी मापनसंस्थेची, मेटासची, कसोटी पार केलेलं असल्यामुळे दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे या मर्यादेत ते चाललं पाहिजे. मागे पडता कामा नये. १५,००० गॉसपर्यंतचं (गॉस हे चुंबकत्वाचं माप) चुंबकत्व त्याला बाधत नाही.

रोजच्या वापरात कळणारे फरक

कागदावरचे आकडे बाजूला ठेवा. रोज घालणाऱ्याला तीनच गोष्टी ठळकपणे जाणवतात.

एक, वेळ लावणं. ३२१, ८६१ आणि १८६१ मध्ये किल्ली, म्हणजे चावी द्यायची बाजूची खुंटी, बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. सेकंदाबरहुकूम वेळ लावायची सवय असेल तर याचा वैताग येतो. ३८६१ मध्ये काटा जागच्या जागी थांबतो. जुन्यात एक युक्ती चालते: किल्ली ओढून काटे अगदी हलके उलट दिशेला रेटून धरले की सेकंदकाटा अडतो. मशीनवर नाहक ताण येतो, म्हणून रोजची सवय करू नका. कधीमधी ठीक.

दोन, चुंबकत्व. हेच जुन्या घड्याळाचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि त्याचा दोष भलत्याच गोष्टीवर टाकला जातो. मोबाइलच्या कव्हरमधलं लोहचुंबक, पर्सची टिचकी, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण यांच्याजवळ १८६१ रात्रभर पडून राहिलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायला लागतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटंही पुढे पळू शकतं. मालक घाबरून सर्व्हिसिंगला टाकतो. खरं तर चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर (डीमॅग्नेटायझरवर) ते काही सेकंदांत बरं होतं. कालपर्यंत नीट चालणारं घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं, तर आधी साधं होकायंत्र त्याच्याजवळ धरा. सुई हलली, की दुखणं सापडलं. ३८६१ मध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण सिलिकॉन चुंबकाला दाद देत नाही.

तीन, पट्टा. २०२१ चा पोलादी पट्टा केसजवळ २० मिलिमीटर आणि बकलपाशी १५ मिलिमीटर, असा छान निमुळता होत जातो. त्यामुळे घड्याळ मनगटावर लहान आणि हलकं वाटतं. १९९८ क्रमांकाचा आधीचा पट्टा एवढा निमुळता नाही, तो भारदस्त लागतो. साठ-सत्तरच्या दशकातले १०३९ आणि ११७१ क्रमांकाचे पट्टे आजच्या मानाने फारच हलके. टोकाच्या कड्या पोकळ पत्र्याच्या, आणि वापरून सैल झाले की खुळखुळतात. असा पट्टा बाजूने आडवा धरून बघा. तो साखळीसारखा खाली लोंबला तर पिना झिजल्यात. त्याची किंमत घड्याळाच्या किंमतीत पूर्ण धरू नका.

वेळेच्या अचूकपणाचा मुद्दा मात्र उगाच मोठा केला जातो. नीट जुळवलेलं १८६१ दिवसाला चार-पाच सेकंद पुढे असं वर्षानुवर्षं चालतं. दहा-अकरा सेकंद पुढे पळालं तरी तो बिघाड नव्हे. केवळ अचूकपणासाठी नवं घेत असाल तर थांबा, तेवढ्यासाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

तबकडी आणि काच

नव्याने जुन्याचेच काही कपडे पुन्हा घातलेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकडीच्या कडेला एक बारीक पायरी असायची. मिनिटांचा पट्टा मधल्या भागापेक्षा किंचित खाली बसलेला. पुढे तबकडी सपाट झाली आणि २०२१ मध्ये पायरी परत आली. तसंच बेझलवरच्या ९० या आकड्याचं. १९७० च्या आसपासपर्यंत त्याच्यासोबतचा ठिपका आकड्याच्या माथ्यावर असायचा, मग तो बाजूला सरकला, आणि ३८६१ वर पुन्हा माथ्यावर आला. १८६१ च्या तबकडीवर एका सेकंदाचे पाच भाग आखलेले आहेत. ३८६१ वर तीनच, कारण मशीन सेकंदाला सहा ठोके देतं आणि तीन रेघांशी काटा बरोबर जुळतो. पाच रेघांचं सहा ठोक्यांशी कधी जमणारच नव्हतं. ही चूक दुरुस्त व्हायला अर्धशतक लागलं.

काच दोन प्रकारची. हेसालाइट म्हणजे एक प्रकारचं पारदर्शक प्लास्टिक. ओरखडे पटकन पडतात, पण फुटून चुरा होत नाही. अंतराळवीरांच्या घड्याळाला तीच होती आणि ते सोयीचंच ठरलं, कारण यानात काचेचा चुरा तरंगायला लागला तर अनर्थ. सफायर म्हणजे कृत्रिम नीलमाची काच. ती सहसा चरे धरत नाही, पण तिच्या कडेला दुधाळ वलय दिसतं, आणि ती फुटली तर नवी चांगलीच महाग पडते. हेसालाइट खरी असेल तर अगदी मधोमध, भिंगातून, ओमेगाचं केसाएवढं चिन्ह दिसतं. ३८६१ मध्ये काचेबरोबर आणखी दोन गोष्टी बदलतात, हे बरेच जण घेतल्यावर बघतात: हेसालाइट घड्याळावर ओमेगाचं चिन्ह छापलेलं आणि पट्टा पूर्ण मॅट. सफायरवर चिन्ह धातूचं चिकटवलेलं, पट्ट्याच्या मधल्या कड्या चकचकीत आणि पाठीतून मशीन दिसतं.

हेसालाइटवरचे चरे घरी निघतात. बेझलवर चिकटपट्टी नीट लावून घ्या, कारण ती अ‍ॅल्युमिनियमची असते आणि पॉलिश तिच्या काळ्या रंगावर गेलं की रंग उतरतो. प्लास्टिकसाठीची पॉलिश पेस्ट वाटाण्याएवढी घ्या, मऊ सुती कापडावर लावा आणि दोन-तीन मिनिटं गोलाकार घासा. चऱ्यांना आडवं जाणं महत्त्वाचं. नखाला अडणारा चरा यातून निघत नाही. तेव्हा काचच बदलायची, आणि त्याच वेळी पाण्याची चाचणी करून घ्यायची.

आमचं मत विचाराल तर जुन्या घड्याळाला हेसालाइटच शोभते. नव्यात मात्र ज्याला चऱ्यांनी झोप लागत नाही त्याने सरळ सफायर घ्यावी आणि मोकळं व्हावं.

जुनं घेताना: भिंग हातात घ्या

इथे ‘जुनं’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३५७०.५० किंवा २०१४ च्या सुमाराचं ३११.३०.४२.३०.०१.००५ ही १८६१ वाली घड्याळं ‘वापरलेली’ या सदरात मोडतात. त्यांच्या बाबतीत मशीनची तब्येत बघायची. १०५.०१२, १४५.०१२ किंवा सुरुवातीची १४५.०२२ ही ‘पुरातन’. त्यांच्यात पैसा मशीनपेक्षा मूळ सुट्या भागांत असतो. तबकडी, काटे, बेझल. एखादी मूळ ठिपका-माथ्यावर बेझल नसली तर घड्याळाचा भाव खूप खाली येतो, आणि म्हणूनच नकली बेझल बाजारात भरपूर आहेत.

पुरातन घड्याळ तपासताना पाठ उघडूनच बघा. विकणारा उघडू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपवा. पाठीच्या आतल्या बाजूला मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो, उदाहरणार्थ १४५.०२२ आणि पुढे डॅशनंतर वर्ष दाखवणारे दोन आकडे. मशीनवर वेगळा सलग क्रमांक असतो. पाठीवरचं वर्ष आणि मशीनचा काळ जुळला पाहिजे. मग तबकडी: ३२१ च्या काळात आणि १४५.०२२-६८ मध्ये ओमेगाचं चिन्ह धातूचं चिकटवलेलं असतं, ६९ पासून छापलेलं. पाठ म्हणते ६६ आणि तबकडीवर चिन्ह छापलेलं, असं दिसलं की तबकडी कधीतरी बदललीय.

अंधारात चमकणाऱ्या लेपाला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. खरं रेडियम फक्त अगदी सुरुवातीच्या घड्याळांत. त्यानंतर १९९७ च्या आसपासपर्यंत ट्रिटियम आणि पुढे ल्युमिनोव्हा. ट्रिटियम असेल तर तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या घड्याळाचा लेप आज विझलेला असायला हवा. तपासायची रीत सोपी. तबकडीवर दहा सेकंद जोरकस टॉर्च मारा आणि अंधार करा. क्षणभर अंधुक चमकून विझलं तर ठीक. हिरवंगार चमकून मिनिटभर टिकलं तर लेप नंतर भरलाय किंवा तबकडी सर्व्हिसमध्ये बदललीय. काटे आणि तबकडी यांच्या लेपाचा पिवळेपणाही एकमेकांशी मिळता हवा. तबकडीवरचा लेप सायीच्या रंगाचा आणि काट्यांवरचा पांढराफेक, म्हणजे काटे नवे.

शेवटी केस. स्पीडमास्टरचे कान, म्हणजे पट्टा जोडायची केसची टोकं, पिळदार आहेत, वरची बाजू वळत खाली उतरते. घड्याळ तिरकं धरून उजेडात फिरवा. चकचकीत आणि मॅट पृष्ठभाग जिथे भेटतात ती धार सुरीसारखी सलग दिसली पाहिजे. पॉलिश करून करून ती धार साबणाच्या वडीसारखी गोल झाली असेल तर धातू गेला, तो परत येत नाही. ऑनलाइन फोटोंत हे लपवणं फार सोपं. वरून सरळ काढलेले दहा फोटो पाठवणाऱ्याकडे कानांचा एक तिरका फोटो मागा.

कंपनीच्या नोंदवहीचा उतारा सोबत असला तर उत्तमच, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. अमुक क्रमांकाचं घड्याळ कधी बनलं आणि कुठल्या देशात गेलं एवढंच तो सांगतो. आजची तबकडी तीच आहे की नाही, हे त्यात नसतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक सीके २९१५ सुमारे ३१ लाख स्विस फ्रँकला गेलं, आणि २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं असल्याचं उघड झालं. तिथे तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे भिंग आहे.

मशीनची नाडी

८६१ आणि १८६१ साठी ही तपासणी घड्याळ घेण्याआधी करा. एक पूर्ण दिवस मिळाला तर उत्तम, नाहीतर निदान दोन तास तरी काढा.

चावी द्या. चाळीसच्या आसपास फेऱ्यांनंतर ठाम अडकाव लागला पाहिजे, किल्ली घसरता कामा नये. अडकाव लागल्यावर जोर लावू नका.

क्रोनोग्राफ चालू करा. मोठा सेकंदकाटा निघताना किंचित थरथरला तर चालतं. आडवं जुंपणारं चाक असल्यामुळे दात दातांत बसताना एवढं होणारच. तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उडी मारत असेल किंवा चालताना सतत लटपटत असेल, तर जुळवणी बिघडलीय. मिनिटांच्या काट्याकडे लक्ष द्या: साठाव्या सेकंदाच्या जरा आधी तो उठतो आणि साठला पुढच्या घरात बसतो. दोन घरांच्या मध्ये लटकून राहणं वाईट. तासभर चालू ठेवा. मिनिटांचा काटा दोन फेऱ्या पूर्ण करून शून्यावर आणि तासांचा काटा बरोबर एकावर हवा.

आता थांबवा आणि मग शून्यावर आणा, याच क्रमाने. चालू असताना शून्याचं बटण दाबू नका. ही मशिनं ‘उडत्या परती’ची (फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच शून्यावर येणारी) नाहीत, दाबून काहीतरी वाकवाल. शून्यावर आल्यावर तिन्ही काटे भिंगातून बघा. मोठा काटा बाराच्या रेघेवर नेमका बसलेला नसेल तर काटा सैल आहे किंवा नीट ठोकलेला नाही. दुरुस्ती छोटी, पण भाव करताना बोलायला मुद्दा मिळतो.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी सगळ्यात कंटाळवाणी आहे, म्हणून कोणी करत नाही. क्रोनोग्राफ बंद ठेवून तासांच्या छोट्या काट्याचा फोटो काढा, सहा तासांनी पुन्हा काढा. काटा शून्यावरून पुढे सरकला असेल तर घड्याळाला सर्व्हिसिंग हवंच आहे. कारण असं, की तासांच्या काट्याला गती थेट मुख्य स्प्रिंगच्या डब्यातून मिळते, मध्ये एक घर्षणाची जोड असते. क्रोनोग्राफ बंद असताना ब्रेक काट्याला धरून ठेवतो आणि ती जोड घसरत राहते. वंगण वाळलं की जोड घसरायच्या ऐवजी घट्ट पकडते, ब्रेकवर मात करते आणि काटा चोरपावलांनी सरकायला लागतो. जोडीला मशीनची ताकदही खाते. ३२१ मध्येही हाच रोग आढळतो.

टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची तब्येत सांगणारं यंत्र, मिळाला तर त्यावर लिफ्ट अँगल (मशीनच्या घडणीनुसार द्यायचा कोन) ५० अंशांवर लावा. पूर्ण चावी असताना, तबकडी वर ठेवून, डोलणाऱ्या बॅलन्स व्हीलचा झोका म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असली तर मशीन ठणठणीत आहे. किल्ली खाली करून उभं धरल्यावर २२० च्या खाली गेलं तर तेल संपलंय. क्रोनोग्राफ चालू केल्यावर २०-३० अंश घट नैसर्गिक आहे, ५० पेक्षा जास्त असेल तर विचारा. को-अ‍ॅक्शियलसाठी मात्र ५० चा आकडा वापरू नका, त्याचा लिफ्ट अँगल वेगळा असल्यामुळे वाचन भलतंच येतं आणि चांगलं घड्याळ आजारी ठरतं.

मशीन उघडलंच आहे तर १८६१ मध्ये एक पांढरट प्लास्टिकचा तुकडा दिसेल. घाबरू नका, तो नकली नाही. तो डेल्रिनचा ब्रेक आहे, कंपनीचाच, आणि त्याला तेल लागत नाही. मागून काच असलेल्या आवृत्तीत तोच धातूचा असतो, पाहणाऱ्याच्या डोळ्याला बरा दिसावा म्हणून.

सर्व्हिसिंगचं गणित

ओमेगा साधारण पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते. जुन्या-नव्याची खरी निवड इथे होते. ८६१ आणि १८६१ ची घडण पन्नास वर्षं तीच राहिली, शिवाय याच लेमानिया घराण्याची मशिनं इतर घड्याळांतही होती, त्यामुळे कुशल स्वतंत्र घड्याळजी हे मशीन खोलतो, धुतो, तेल घालतो आणि वेग रेग्युलेटर या छोट्या दांड्याने जुळवतो. ३८६१ ला रेग्युलेटरच नाही. वेग बॅलन्स व्हीलवरच जुळवावा लागतो, सिलिकॉनची स्प्रिंग चिमट्याने सरळ करता येत नाही, ती मोडते, आणि को-अ‍ॅक्शियलचं तेल कुठे किती घालायचं याचं प्रशिक्षण लागतं. भागही कंपनीच्या परवानगीशिवाय सहज मिळत नाहीत. म्हणजे ३८६१ घेतलं की कंपनीशी कायमचं नातं जोडलं. नव्या घड्याळाला पाच वर्षांची हमी असते, तोवर चिंता नाही. त्यानंतरचा खर्च आजच विचारून ठेवा.

पुरातन घड्याळ कंपनीकडे पाठवताना उलटा धोका असतो. तिथे घड्याळ नव्यासारखं करून देण्याकडे कल असतो: केस पॉलिश, नवे काटे, नवी बेझल, चमकणारी तबकडी. मालक खूश होतो आणि घड्याळाचा भाव कोसळतो. म्हणून पावतीवरच लिहून घ्या: पॉलिश नाही, तबकडी-काटे-बेझल बदलायचे नाहीत, आणि जो कुठला भाग बदलाल तो जुना परत द्यायचा. तोंडी सांगून भागत नाही.

पाण्याबद्दल एवढंच, की साठ-सत्तरच्या दशकातल्या घड्याळाला पाणी लावू नका. बटणांची रबरं जुनी असतात. १८६१ आणि ३८६१ हात धुताना, पावसात चालतात. पाण्यात बटण कुठल्याच पिढीचं दाबायचं नाही.

मग घ्यायचं कोणतं

एकच चांगलं घड्याळ घ्यायचंय, रोज घालायचंय, दिवसभर लॅपटॉप आणि फोनच्या गराड्यात बसायचंय, आणि घड्याळजी शोधत फिरायची हौस नाही: ३८६१ घ्या. हेसालाइट असेल तर ३१०.३०.४२.५०.०१.००१, सफायर असेल तर शेवटी ००२.

घड्याळं दोन-चार आहेत, हे आलटून पालटून घालणार, आणि भाव महत्त्वाचा आहे: वापरलेलं १८६१ घ्या. आमच्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त घड्याळ इथेच मिळतं. नवा पट्टा यावर चढवणारेही बरेच आहेत. २० मिलिमीटरची जागा तीच, फक्त टोकाची कडी केसला नीट भिडतेय का ते बसवून बघूनच घ्या. ताज्या सर्व्हिसिंगच्या पावतीसाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पण पावतीवर तारीख, काय बदललं आणि अ‍ॅम्प्लिट्यूड लिहिलेली हवी. ‘सर्व्हिस झालंय’ हे नुसतं वाक्य कवडीमोल.

इतिहास हातावर बांधायचाय: सुरुवातीचं ८६१, म्हणजे १४५.०२२, हे शिकण्यासाठी चांगलं. ३२१ चा भाव त्याच्या कितीतरी वर आहे आणि त्यातला फरक बराचसा बटणाच्या मऊ दाबात आणि नावात आहे. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका. ३२१ हवंच आणि जुन्याची जोखीमही नको, अशांसाठी ओमेगाने २०२० मध्ये हेच मशीन पुन्हा बनवून ३९.७ मिलिमीटरच्या केसमध्ये दिलं, पण त्याची किंमत बघून बहुतेक जण परत ३८६१ कडेच वळतात.

घड्याळ घरी आलं की पहिले सात दिवस एक वही जवळ ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी पूर्ण चावी द्या आणि मोबाइलच्या वेळेशी तुलना करून सेकंदांचा फरक लिहा. रात्री ते कसं ठेवलं, तबकडी वर की किल्ली खाली, तेही लिहा. आठवड्याअखेर कळेल की कुठल्या स्थितीत ते पुढे पळतं आणि कुठल्या स्थितीत मागे पडतं. दिवसा पाच सेकंद पुढे जाणारं घड्याळ रात्री योग्य कुशीवर झोपवलं तर त्यातले दोन-तीन परत देतं.